महाडास एक दिवस अधिक

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे निसर्गशोभा, देवालयें, उतरण्याची सोय व भोजनाची व्यवस्था यांचा वृत्तांत वाचकांस अपेक्षित असतो. प्रस्तुत लेखांत तो मुळींच नाहीं असें नाहीं. परंतु त्याच्या मध्यभागीं मोटारीची एक फुटकी कांच आहे, आणि तिच्यापायीं आमचा एक दिवस, कांहीं हजार रुपये व वडीलपणाचा बराचसा अभिमान खर्चीं पडला. आजकाल मध्यम स्थितीच्या कुटुंबांतहि मोटार असतेच. अशा कुटुंबांस आमची फजिती उपयोगीं पडावी, एवढ्याच हेतूनें ती येथें सादर करीत आहों.

आमच्या वडील भगिनींस घरांत लहानथोर सर्व आक्का म्हणतात. त्यांचें वय शहात्तर. रायगड, शिवथरची घळ आणि पोलादपुराहून आंबेनळी घाटानें प्रतापगड, अशीं तीन स्थळें एकदां डोळ्यांनीं पाहावींत, ही त्यांची पुष्कळ वर्षांची इच्छा. ती पुरविण्याचा योग गेल्या वैशाखांत आला. धाकट्या पुतण्यानें स्वतःची गाडी काढली व शुक्रवारची रजा घेतली. सोमवारीं सकाळीं त्यास कचेरींत हजर होणें भाग होतें. आक्का, आमचें कुटुंब, पुतण्या व आम्ही स्वतः, अशीं चार माणसें शुक्रवारीं पहांटे पुण्याहून निघालों. पहिल्या दिवशीं रायगड, दुसऱ्या दिवशीं शिवथर, तिसऱ्या दिवशीं पोलादपुरावरून घाट चढून महाबळेश्वर-वाईमार्गें घरीं, असा बेत आम्हीं स्वहस्तें कागदावर मांडला होता. शाळेचें वेळापत्रक करण्यांत चाळीस वर्षें घालविल्यामुळें या कामीं आमचा हात धरणारा घरांत कोणी नाहीं, अशी आमची समजूत होती.

मुळशीच्या जलाशयाच्या कडेनें ताम्हिणी घाट उतरून निजामपुरावरून माणगांवीं आलों, तेव्हां ऊन तापूं लागलें होतें. माणगांवास मुंबई-गोवा महामार्ग लागतो. या मार्गाच्या रुंदीकरणाचें काम कित्येक वर्षें चाललें आहे. त्याचें रडगाणें वर्तमानपत्रांतून सर्वांनीं वाचलेंच आहे. लोणेरें मागें पडलें, आणि खडी भरलेला एक डंपर आमच्या पुढें लागला. पुतण्या अंतर राखून होता, परंतु मार्ग मोकळा दिसतांच त्यानें गाडी किंचित् पुढें घेतली. तोंच डंपरच्या चाकाखालून कीं हौद्यांतून, हें ईश्वरास ठाऊक, एक खडा उडून पुढच्या कांचेवर टक् करून आपटला. आवाज एवढा मोठा झाला कीं आमचें कुटुंब "अगबाई" म्हणून ओरडलें. गाडी बाजूस घेऊन पाहिलें, तों चालकाच्या समोर, खालच्या अंगास, हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका उडालेला, व त्याच्याभोंवतीं केसासारख्या तीन-चार बारीक रेघा फुटलेल्या.

पुतण्या म्हणाला, "काका, महाडला पोंचतांक्षणीं दाखवून घेऊं. लहान आहे तोंवर भरून निघतें, असें ऐकलें आहे."

वाचकहो, याच क्षणीं आम्हीं शहाणपणा करावयास नको होता. आम्हीं म्हटलें, "अरे, एवढ्याशा टवक्यासाठीं अर्धा दिवस कशाला घालवायचा? आक्काला आज रायगड दाखवायचा आहे. कांच कांहीं पळून जात नाहीं, उद्यां बघूं." मुलगा गुणी आहे, काकांचें वाक्य खालीं पडूं देण्याची आमच्या घरांत पद्धत नाहीं. तो गप्प बसला.

महाडास आमचे एक जुने विद्यार्थी औद्योगिक वसाहतींतील एका रसायनांच्या कारखान्यांत नोकरीस आहेत. त्यांच्याच घरीं उतरण्याची व्यवस्था होती. त्यांनींहि चहा घेतां घेतां कांच पाहून "गुरुजी, आजच दाखवा" असें सुचविलें. आम्हीं त्यांसहि हंसून उडवून लाविलें. निदान त्या जागीं पारदर्शक चिकटपट्टी तरी लावूं द्या, असें ते म्हणाले. तीहि आम्हीं "गाडी विद्रूप दिसते" म्हणून लावूं दिली नाहीं. ही चिकटपट्टी पुढें पुन्हां लेखांत येणार आहे.

रायगड महाडाहून सुमारें पंचवीस किलोमीटर. वाटेवरच नातें हें गांव लागतें. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ सालीं येथेंच झाला. आक्कांच्या गुडघ्यांस पायऱ्या झेपणाऱ्या नसल्यामुळें आम्ही रज्जुमार्गानें वर गेलों. राजसभा, जगदीश्वराचें मंदिर व महाराजांची समाधि पाहतांना आक्का फारशा बोलल्या नाहींत. समाधीसमोर मात्र त्या बराच वेळ उन्हांत उभ्या राहिल्या, आणि आम्हीं छत्री धरली तीहि त्यांनीं बाजूस सारली. गडाचें वर्णन येथें करीत नाहीं; तें अधिकारी लेखकांनीं पुष्कळ केलें आहे.

खालीं आलों तों गाडी तीन-साडेतीन तास वैशाखाच्या उन्हांत तापून तव्यासारखी झाली होती. पुतण्यानें यंत्र सुरू करून थंड हवेचा झोत पूर्ण सोडला. आणि पुढची कांच धुळीनें माखली होती म्हणून आम्हींच पाण्याची गार बाटली तिच्यावर रिती केली. शाळेंत पदार्थविज्ञानाच्या तासास, तापलेल्या कांचेच्या पेल्यांत थंड पाणी ओतलें असतां पेला कां तडकतो, हें आम्हीं किती वेळां शिकविलें असेल! तें ज्ञान त्या क्षणीं कोठें गेलें होतें कोण जाणे. टवक्यापासून एक रेघ सळ्ळकन् निघाली, वीतभर वर चढली, आणि दुसरी खालीं कांचेच्या कडेपर्यंत जाऊन पोंचली. चौघांनींहि ती धांवतांना पाहिली.

संस्कृतांत 'काच' म्हणजे कांच, आणि वैद्यकांत त्याच शब्दानें एक नेत्ररोगहि सांगितला आहे. मराठींत काच म्हणजे जाच. आक्का मागून इतकेंच म्हणाल्या, "तिन्ही अर्थ एकदम लागू झाले, बाबा." परततांना समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे त्या रेघेवर पडून फुटत व डोळ्यांपुढें काट्यांसारखे पसरत. पुतण्या मान तिरकी करून गाडी हांकीत होता. त्यानें आम्हांस एक शब्दहि ऐकविला नाहीं, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें.

शनिवारीं सकाळीं विद्यार्थ्यासह महामार्गालगतच्या एका कांचवाल्या मिस्त्रींकडे गेलों. मिस्त्री मध्यम वयाचे, कमी बोलणारे. त्यांनीं प्रथम नखानें बाहेरून चीर चांचपली, मग आंत बसून आंतून चांचपली. टवक्यापासून कडेपर्यंतचें अंतर वितीनें मोजलें, आणि चालकाच्या जागीं बसून समोर नीट पाहिलें. मग आम्हांस विचारलें, "गुरुजी, कधीं झालें?" आम्हीं म्हटलें, "काल सकाळीं." "आणि पाणी कधीं घातलें?" आम्ही ओशाळून "काल दुपारीं" म्हणालों. त्यांनीं मान हलविली.

त्यानंतर त्यांनीं जें समजावून दिलें, तें बी.एड.च्या वर्गांत शोभावें असें होतें. मोटारीच्या पुढच्या कांचेंत खरोखर दोन कांचा असतात, व त्यांच्यामध्यें एका चिवट पारदर्शक पदार्थाचा पातळ पापुद्रा दाबून बसविलेला असतो. बाहेरची कांच फुटली तरी आंतली शाबूत राहूं शकते, आणि दोन्ही फुटल्या तरी तुकडे त्या पापुद्र्यास चिकटून राहतात. माणसाच्या तोंडावर उडत नाहींत. बाजूच्या खिडक्यांची कांच निराळी. ती तापवून एकदम हवेनें थंड केलेली असते, व फुटली म्हणजे तिचे साखरेच्या खड्यांसारखे बोथट कण होतात. ती कधींच सांधत नाहीं, बदलावीच लागते. दुरुस्तीचा प्रश्न येतो तो पुढच्या कांचेपुरताच.

ही जोडकांच निघाली कशी, याची एक गोष्ट सांगतात. एडुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेंत १९०३ सालीं एक कांचेची कुपी खालीं पडली. ती तडकली, परंतु विखुरली नाहीं. आंत पूर्वीं सेल्युलोज नायट्रेटचें द्रावण होतें. तें आटून त्याचा पापुद्रा कांचेस चिकटून राहिला होता. पुढें १९०९ सालीं त्यानें अशा कांचेचें पेटंट घेतलें. आज पापुद्र्याचा पदार्थ बदलला आहे, युक्ति तीच आहे.

मिस्त्रींच्या मतें दुरुस्ती कीं बदल, हें तीन प्रश्नांवर ठरतें: इजा केवढी, कोठें, आणि किती जुनी. रुपयाच्या नाण्याखालीं झांकली जाईल एवढी असेल व फक्त बाहेरच्या कांचेपुरती असेल, तर ती भरतां येते. टवक्यावर एक लहानसें यंत्र बसवून आंतली हवा ओढून घेतात, तेथें पातळ राळ दाबानें शिरवितात, आणि अतिनील किरणांनीं ती घट्ट करतात. काम अर्ध्या-पाऊण तासाचें व खर्च शेंकड्यांत. डाग अगदीं नाहींसा होत नाहीं, किंचित् खूण राहते; परंतु चीर पुढें धांवावयाची थांबते. हेंच दुरुस्तीचें खरें काम.

इजा चालकाच्या दृष्टीसमोर असेल, तर भरलेल्या जागेचा धूसरपणाहि रात्रीं त्रास देतो. ती कांचेच्या कडेपर्यंत पोंचली असेल, तर मुळींच भरूं नये. कारण कांचेवरील सर्व ताण कडेशींच असतो, आणि गाडी खड्ड्यांत आदळली कीं चीर पुन्हां चालूं लागते. आंतल्या कांचेसहि चीर गेली असेल तर प्रश्नच उरत नाहीं. शिवाय टवक्यांत धूळ व पाणी शिरलें म्हणजे राळ कांचेस धरीत नाहीं. यासाठींच ती चिकटपट्टी! एक पैशाची वस्तु, पण तिनें चोवीस तास राखले असते. कित्येक लोक घरांतला झटपट चिकटणारा डिंक टवक्यांत ओततात. त्यानें पुढील दुरुस्तीहि कायमची बुडते, असें मिस्त्री म्हणाले.

"काल आणली असती, तर चहा होईपर्यंत भरून दिली असती," ते शेवटीं म्हणाले. "आजहि राळ भरून पैसे घेईन, नाहीं म्हणत नाहीं, पण ती टिकायची नाहीं. आणि आजींना घेऊन आंबेनळीनें जाणार असाल, तर मी भरून देणार नाहीं."

या गाडीची कांच मात्र त्यांच्याजवळ नव्हती. पनवेलहून मागवावी लागणार होती. सायंकाळपर्यंत येईल असें ठरलें. म्हणजे शनिवार गेला, आणि शनिवारबरोबर शिवथरची घळ गेली. भाड्याची गाडी मिळते कीं काय म्हणून विद्यार्थ्यानें चार ठिकाणीं चौकशी केली. परंतु लग्नतिथि दाट, एकहि गाडी मोकळी नव्हती.

घरीं येऊन विचार सुरू झाला. पुतण्यास सोमवारची काळजी. तो म्हणाला, "काका, कांच दुपदरी आहे, अंगावर पडणार नाहीं. आतांच शिवथर करूं, उद्यां सांभाळून घाट चढूं आणि पुण्यास बदलूं. तिथें कंपनीच्या दुकानांत कांचहि लगेच मिळेल." त्याचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें, आणि आदल्या दिवशीं त्याचें योग्य म्हणणें आम्हीं मोडून काढलें होतें, आतां पुन्हां त्यास नाहीं म्हणावयाचें आम्हांस तोंड नव्हतें. आमचें कुटुंब म्हणालें, "अहो, आक्कांचें मन मोडूं नका. पुन्हां कधीं येणार त्या?" हेंहि खरें होतें. शहात्तराव्या वर्षीं 'पुढच्या खेपेस' हा शब्द उच्चारावयास जीभ कचरते.

निर्णय अखेर आक्कांनींच दिला. २८ जुलै २०१८ रोजीं आंबेनळी घाटांत दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांची बस दरींत कोसळून तीस जण मृत्यु पावले, एकटाच वांचला. ती बातमी त्या विसरल्या नव्हत्या. त्या अपघाताशीं कांचेचा कांहीं संबंध नव्हता, पण घाट कसा आहे हें त्यावरून त्यांनीं जाणलें होतें. त्या पुतण्यास म्हणाल्या, "बाळ, रात्रीं तूं मान वांकडी करून गाडी हांकीत होतास, तें मीं मागून पाहिलें. समर्थांची घळ मीं पाहिली नाहीं म्हणून समर्थ रागावणार नाहींत. तुझ्या आईला मी काय सांगूं, तें मला आधीं सांग." त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. आम्हीं तेव्हां सर्वांसमक्ष पुतण्यास म्हटलें, "चूक माझी झाली. कालच तुझें ऐकायला हवें होतें." चाळीस वर्षें मुलांकडून चुका कबूल करवून घेतल्या, स्वतःची कबूल करण्यास वेळ लागला, पण झाली.

राहिला खर्चाचा प्रश्न. गाडीचा पूर्ण विमा होता. आपल्याकडील मोटारविम्यांत रबर व प्लॅस्टिक यांच्या भागांवर ५० टक्के घसारा धरतात, कांचेवर धरीत नाहींत. दाव्यांतील पहिला भाग मात्र मालकानें सोसावयाचा असतो, १५०० सी.सी.पर्यंतच्या यंत्राच्या गाडीस १००० रुपये, व त्यावरील गाडीस २०००. त्यामुळें राळ भरण्याच्या किरकोळ खर्चासाठीं दावा करण्यांत अर्थ नसतो. बदलण्याच्या खर्चासाठीं करावा कीं नाहीं, याचा हिशेब निराळा. पांच वर्षें दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते. एक दावा केला कीं साधारणतः ती सूट पुढील वर्षीं जाते. पुतण्यानें दूरध्वनीवरून चौकशी केली, आम्हीं कागदावर बेरीज-वजाबाकी केली, आणि सुटीचें नुकसान कांचेच्या किंमतीहून अधिक भरतें असें दिसल्यावर दावा न करण्याचें ठरविलें. ज्यांस दावा करावयाचा असेल त्यांनीं जुनी कांच काढण्यापूर्वींच कंपनीस कळवून पाहणी करवून घ्यावी. मागाहून सांगून उपयोग होत नाहीं. ही रक्कम आम्हीं आमच्या निवृत्तिवेतनांतून दिली. पुतण्या नको म्हणत होता. परंतु बाटली कोणी ओतली होती?

अशा रीतीनें न मागतां मिळालेला तो दिवस आम्हीं महाडांत घालविला, आणि आतां वाटतें कीं तो फुकट गेला नाहीं.

ऊन उतरल्यावर प्रथम चवदार तळ्यावर गेलों. मुंबई कायदे कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव १९२३ सालीं मंजूर झाला, व महाडच्या नगरपालिकेनेंहि तदनुसार तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. कागदावर सर्व ठीक झालें; प्रत्यक्षांत एकाहि अस्पृश्य बांधवास पाणी घेतां येईना. अखेर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों अनुयायांसह या पायऱ्या उतरले व ओंजळीनें पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्या अनुयायांवर हल्ला झाला, आणि सनातन्यांनीं १०८ घागरी पंचगव्यानें तळें 'शुद्ध' केलें. तळें खुलें असल्याचा मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजीं झाला. म्हणजे ओंजळभर पाण्याचा हक्क कायद्यानें पदरीं पडावयास दहा वर्षें लागलीं. त्याच १९२७ च्या डिसेंबरांत येथें मनुस्मृतीचें दहन झालें, तेव्हां तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्मानें ब्राह्मण होते, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल.

आक्का पायरीवर बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आजीच्या घरीं ओट्याखालीं एक करवंटी असे. पाणी मागायला कोणी आलें, कीं वरून त्यांत ओतीत. मी लहान होतें. मला तो खेळ वाटे." आम्हीं ती करवंटी कधीं पाहिली नव्हती, अथवा पाहूनहि विसरलों होतों. ज्यांच्या घरांत ती होती, त्यांनीं या पायऱ्यांवर थोडा वेळ गप्प बसावें हें योग्यच होय.

तेथून सावित्रीच्या पुलाकडे गेलों. सावित्री महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपूर व महाड यांच्या अंगणांतून वाहत बाणकोटास समुद्रास मिळते. वैशाखांत तिचें पात्र इतकें शांत व क्षीण होतें कीं हीच ती नदी, यावर विश्वास बसेना. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महापुरांत येथील १९२८ सालचा दगडी पूल वाहून गेला. अंधार व पाऊस यांमुळें पूल नाहीं हें मागून येणारांस दिसलें नाहीं. जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. गाड्या व इतर वाहनें एकापाठोपाठ पात्रांत गेलीं, आणि सुमारें चाळीस माणसें दगावलीं. कित्येकांचे देहहि सांपडले नाहींत. शेजारींच दुसरा, नवा पूल होता. तो उभा राहिला. त्याच वर्षीं मे महिन्यांत जुन्या पुलाची पाहणी झाली होती व तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असें शासनातर्फें त्या वेळीं सांगण्यांत आलें. पुढें १६५ दिवसांत नवा पूल बांधून ५ जून २०१७ रोजीं तो खुला करण्यांत आला.

पुतण्या कठड्याशीं उभा होता. तो म्हणाला, "काका, म्हणजे बदलायला सहा महिनेसुद्धां लागत नव्हते." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. डागडुजी ही कांहीं वाईट गोष्ट नव्हे. जुनें तें टाकून देण्याची हल्लींची घाई आम्हांस मुळींच पसंत नाहीं. आमच्या घरांतील पितळी समई तीन वेळां डाक लावून चौथी पिढी पाहते आहे. परंतु समईचा डाक सुटला तर तेल सांडतें, माणूस मरत नाहीं. जेथें वस्तूच्या भरंवशावर माणसें अंधारांत पुढें जातात, तेथें बाहेरून पाहून 'चालेल' म्हणण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. आंतूनहि चांचपून पाहावें लागतें, जसें मिस्त्रींनीं पाहिलें.

विद्यार्थ्याच्या घरीं दिवाणखान्याच्या भिंतीवर माणसाच्या खांद्याहून उंच एक अंधुक पट्टा होता. २२ जुलै २०२१ च्या पुराची ती खूण. त्याच दिवशीं तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळली व ऐंशीहून अधिक माणसें गेलीं. भिंतीस रंग दिला, पण तेवढा पट्टा मुद्दाम सोडला, असें विद्यार्थ्याची पत्नी म्हणाली. कपाटें मात्र त्यांनीं आतां माळ्यावर नेलीं आहेत.

सायंकाळीं कांच आली. मिस्त्रींनीं व त्यांच्या दोन मुलांनीं तारेनें जुना चिकट थर कापून कांच उचलली, चौकट घासून पुसली, नवा काळा थर अखंड पसरून नवी कांच एका दमांत बसविली, आणि वरून पट्ट्या लावल्या. हा चिकट थर वाळून पकड धरण्यास कांहीं तास जातात. म्हणून त्यांनीं गाडी रात्रभर आपल्याच अंगणांत ठेवून घेतली. पुढची कांच नुसती वारा अडवीत नाहीं. गाडी उलटल्यास ती छपराला आधार देते, आणि शेजारच्या बैठकीसमोरची हवेची पिशवी कित्येक गाड्यांत तिच्यावर टेकूनच फुगते. थर कच्चा असतां गाडी पळविली तर दोन्ही व्यर्थ. दोन दिवस गाडी धुऊं नये, व दारें लावतांना एखादी खिडकी किंचित् उघडी ठेवावी. बंद गाडींत दार आपटलें कीं आंतल्या हवेचा दाब कांचेवर येतो. ज्या नव्या गाड्यांच्या कांचेमागें कॅमेरा असतो, त्यांत तो पुन्हां नीट जुळवून घ्यावा लागतो. आमच्या गाडींत तो नव्हता. पैसे घेतांना मिस्त्रींनीं आक्कांस नमस्कार केला व "आजी, आतां बिनघोर जा" असें म्हटलें.

रविवारीं पहांटे निघून अर्ध्या तासांत पोलादपुरास आलों. डोंगरांच्या कुशींतील हें लहानसें गांव, एक वाट काशेडी घाटानें कोंकणांत व दुसरी आंबेनळीनें देशावर, अशा दोन वाटांच्या फांट्यावर वसलें आहे. शिवभारत या संस्कृत काव्याचे कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधि येथें आहे, असें परंपरा सांगते. शिवभारत अपुरें आहे. एकतीस अध्याय पूर्ण झाले व बत्तिसाव्याच्या आरंभींच तें थांबलें. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ सालीं तें छापून प्रसिद्ध केलें. म्हणजे ज्या सालीं तळ्याचा सत्याग्रह झाला त्याच सालीं. संस्कृताच्या मास्तरास तेथें हात जोडण्यास निराळें निमित्त लागत नाहीं. तालुक्यांतच उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव व तेथें त्यांची समाधि आहे. तेथें जाण्यास वेळ उरला नाहीं. आमच्या चोवीस तासांच्या हट्टाची ती आणखी एक किंमत.

घाट चढूं लागलों. नव्या कांचेंतून समोरची दरी, वळणें, दूरवरचा प्रतापगड, सारें धुतल्यासारखें स्वच्छ दिसत होतें. पुतण्या ताठ मानेनें गाडी हांकीत होता. एका वळणावर खडीची गाडी समोर आली, तेव्हां तो आपण होऊन बाजूस थांबला, ती पुरती निघून जाईपर्यंत थांबला, आणि आमच्याकडे पाहून हंसला. प्रतापगडीं आक्कांनीं भवानीची ओटी भरली.

रात्रीं पुण्यास पोंचल्यावर आम्हीं गाडीच्या खणांत दोन वस्तु ठेविल्या: पारदर्शक चिकटपट्टीची एक गुंडाळी, व एक रुपयाचें नाणें. टवका उडाला तर आधीं पट्टी लावावी, मग नाणें ठेवून मापावा; नाण्याखालीं झांकला, कडेपासून व दृष्टीपासून दूर असला, तर त्याच दिवशीं भरून घ्यावा; नाहीं तर बदलावा; आणि उन्हांत तापलेल्या कांचेवर गार पाणी कोणीहि, विशेषतः निवृत्त शिक्षकानें, ओतूं नये. शिवथरच्या घळीचा बेत आतां मार्गशीर्षांत ठरला आहे. या खेपेस वेळापत्रक पुतण्या करणार आहे.